हाताला ऐकू येणारा खेळ

आमच्या वाड्यावर एक तारवटी आहेत. तारवटी म्हणजे बोटीवर नोकरी केलेला माणूस. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी एवढे सांगून ठेवतो. वय ऐंशीच्या पुढे. काचबिंदूने नजर इतकी अरुंद झाली आहे की समोरचा माणूस दिसतो, पण त्याच्या शेजारी उभा असलेला दिसत नाही. सत्तरच्या दशकात अँटवर्प, हॅम्बर्ग अशा बंदरांत बोट लागली की खलाशी कॅफेत जात. तिथे कोपऱ्यात एक यंत्र असे, आणि हातात चार नाणी असली की संध्याकाळ निघून जाई. त्या यंत्राला ते अजून 'फ्लिपर' म्हणतात. युरोपातल्या बऱ्याच देशांत पिनबॉलला हेच नाव आहे.

माझ्या भाच्याने दीड वर्ष खपून मागच्या पडवीत असे एक यंत्र उभे केले, तेव्हा खऱ्या यंत्रावर खेळलेला वाड्यावरचा एकमेव माणूस म्हणून त्यांना बोलावणे गेले. यंत्र आभासी आहे. म्हणजे लाकडी पेटी खरी, बाजूची बटणे खरी, वरची काच खरी. पण काचेखाली खेळपटाऐवजी आडवा झोपवलेला टीव्ही, आणि त्यावर संगणकाने रंगवलेली गोळी. त्यांनी दोन्ही तळहात पेटीच्या बाजूंना लावले, बोटे बटणांवर ठेवली आणि न बोलता तीन गोळ्या खेळले. तिन्ही लगेच गेल्या. मग म्हणाले, "आवाज आसा, पूण हातांक कांयच लागना."

भाच्याचा चेहरा उतरला. चित्र उत्तम होते, स्पीकर चांगले होते. मला मात्र ते वाक्य सोडीना. म्हातारा तक्रार करीत नव्हता, नेमके निदान करीत होता, असे मला वाटले. आणि या खेळाचा इतिहास वाचत गेलो तसतसे ते पटत गेले.

पिनबॉलचा पूर्वज आपल्याकडे घराघरांत होता. बॅगाटेलची ती फळी आठवते का? वरून गोलाकार, मध्ये चुकांची कुंपणे, उजवीकडे स्प्रिंगचा दट्ट्या. आमच्याकडे मे महिन्याच्या सुट्टीत ती माळ्यावरून खाली येई. गोळी चुकांवरून टणटणत खाली उतरायची आणि दुसऱ्या खोलीतल्या माणसालाही कळायचे की शंभराचे घर हुकले. हा खेळ अठराव्या शतकातल्या फ्रान्समधला. त्याला दट्ट्या बसवला तो अमेरिकेत, सिनसिनाटी शहरात राहणाऱ्या माँटेग्यू रेडग्रेव्ह यांनी. त्यांचे पेटंट १८७१ चे आहे. तोपर्यंत गोळी काठीने ढकलत. १९३१ साली शिकागोच्या डेव्हिड गॉटलिब यांनी 'बॅफल बॉल' हे दुकानाच्या गल्ल्याशेजारी मावेल एवढे यंत्र साडेसतरा डॉलरना विकायला काढले, आणि महामंदीच्या त्या वर्षात त्याचे पन्नास हजारांवर नग खपले. खिशात एक पेनी असलेला बेकार माणूसही ते खेळू शकत होता, हेच त्याचे कारण.

या यंत्रात वीज नव्हती. जो आवाज होई तो गोळीचा, लाकडाचा आणि खेळणाऱ्याच्या हाताचा. हाताचा म्हणजे खरोखरच हाताचा, कारण लोक यंत्राला चापट्या मारून, ढकलून गोळी हवी तिकडे वळवू पाहत. हॅरी विल्यम्स या तरुण रचनाकाराने आपल्याच यंत्राला कोणी खालून थापा मारताना पाहिले आणि तळातून खिळे वर काढले अशी गोष्ट सांगतात. मग त्यालाच ते क्रूर वाटले आणि त्याने दुसरा उपाय शोधला. यंत्र फार हलले की खेळ बंद! पुढे याच कल्पनेतून लोंबता लंबक आला: कड्याच्या मधोमध धातूचे वजन लोंबते, ते कड्याला टेकले की मंडल पुरे होते आणि 'टिल्ट'. पण यात एक सूक्ष्म गोष्ट आहे. थोडे हलवायला बंदी नाही, जास्त हलवायला आहे. म्हणजे हात किती लावावा हेसुद्धा कौशल्यच झाले. यंत्र आणि माणूस यांच्यात असा अलिखित करार असलेले दुसरे खेळणे मला तरी माहीत नाही.

याच विल्यम्सने १९३३ साली 'काँटॅक्ट' नावाचे यंत्र केले. त्यात कोरड्या बॅटरीवर चालणारे सोलेनॉइड होते. सोलेनॉइड म्हणजे तारेचे वेटोळे आणि त्यात सरकणारा लोखंडी दांडा. वीज सोडली की दांडा आत खेचला जातो. खड्ड्यात पडलेली गोळी या दांड्याने पुन्हा बाहेर उडवली जाई, आणि सोबत एक घंटी वाजे. त्याआधी गोळी खड्ड्यात पडली की मेली. आता यंत्र तिला परत पाठवू लागले, वर घंटी वाजवून सांगू लागले. पिनबॉल बोलू लागला तो इथे, असे मी मानतो. पुढे बोलणारी यंत्रे खरोखर आली, ती गोष्ट वेगळी.

मग कायदा आला. सुरुवातीची बरीच यंत्रे जिंकणाऱ्याला पैसे देत, म्हणून पिनबॉलवर जुगाराचा शिक्का बसला. न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया यांनी १९४२ मध्ये बंदी घातली आणि हातात मोठा हातोडा घेऊन यंत्रे फोडतानाची त्यांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत झळकली. गंमत म्हणजे ज्या शिकागोत ही यंत्रे बनत तिथेही ती खेळायला बंदी होती. पैसे देता येत नाहीत तर काय द्यायचे? एक खेळ फुकट. आणि हा फुकट खेळ मिळाल्याचे सांगायला पेटीच्या आत एक सोलेनॉइड बसवले, ज्याचा दांडा थेट लाकडावर किंवा पत्र्यावर आदळे. याला नॉकर म्हणतात. ठाक्! एकच आवाज, पण असा की बारमधली गप्पांची बैठक थांबावी आणि सगळ्यांनी मान वळवावी. हातात पैसा पडत नव्हता. पडत होता तो हा ठोका आणि चार लोकांची नजर. काही राज्यांत फुकट खेळावरही आक्षेप होता, म्हणून गॉटलिबने १९६० मध्ये 'फ्लिपर' नावाच्या यंत्रात फुकट खेळाऐवजी जादा गोळी द्यायची पद्धत काढली. कायद्याच्या एकेका कलमापायी यंत्राच्या पोटातली वायरिंग कशी बदलत गेली, यावर स्वतंत्र लेख होईल.

फ्लिपर हा अवयव मात्र त्याआधीचा, १९४७ चा. गॉटलिबच्या 'हम्प्टी डम्प्टी'त हॅरी मॅब्स यांनी सहा छोटे फ्लिपर बसवले. पुढच्याच वर्षी स्टीव्ह कॉर्डेक यांनी जेन्को कंपनीच्या यंत्रात खालच्या बाजूला दोनच ठेवले आणि बस्स, खेळ ठरला. न्यूयॉर्कची बंदी उठायला मात्र १९७६ उजाडले. रॉजर शार्प या पत्रकाराने नगरपरिषदेच्या समितीसमोर यंत्र खेळून दाखवले. यंत्रात काही गडबड असेल या संशयाने सदस्यांनी त्याला राखीव ठेवलेल्या दुसऱ्या यंत्रावर खेळायला लावले. शेवटी त्याने दट्ट्या ओढण्याआधी सांगितले की गोळी मधल्या गल्लीतून जाईल, आणि ती गेली.

तारवटींच्या काळातली यंत्रे ही त्याच सुमाराची, विद्युत-यांत्रिक. त्यात एकही चिप नसे. गुणांची चाके सोलेनॉइडने एकेक घर पुढे सरकत. दहाला एक, शंभराला दुसरी, हजाराला तिसरी अशा स्वर लावलेल्या धातूच्या पट्ट्या असत आणि त्यांवर छोटे दांडे टोले देत. पन्नास गुण मिळाले की पेटीत फिरणारी एक मोटर पाच वेळा संपर्क जोडी आणि चाक पाच घरे सरके: टिंग-टिंग-टिंग-टिंग-टिंग. म्हणजे गुण मोजायला वर पाहावेच लागत नसे. आवाज हा हिशेबाला चिकटवलेला नव्हता, हिशेब होतानाच तो आवाज होत होता. हे वाक्य मी दोनदा लिहिले आणि दोनदा खोडले, पण मुद्दा हाच आहे म्हणून राहू देतो.

१९७७ च्या सुमारास मायक्रोप्रोसेसर आला. सुरुवातीच्या काही यंत्रांत पट्ट्या तशाच ठेवल्या, पण आता त्या केवळ सवयीखातर होत्या. १९७९ मध्ये विल्यम्स कंपनीच्या 'फ्लॅश'मध्ये पार्श्वभूमीला सतत एक आवाज, जो खेळ रंगेल तसा चढत जाई. त्याच वर्षाअखेरीस 'गॉर्गर' आले, ते बोलणारे पहिले पिनबॉल. शब्दसंग्रह अवघा सात शब्दांचा, आणि मागे हृदयाचे ठोके, तेही हळूहळू वेगावणारे. १९८९ च्या 'अर्थशेकर'मध्ये तर पेटीत मोटरच्या आसाला एका बाजूला वजन लावून अख्खे यंत्र थरथरवायची सोय केली. १९९२ चे 'ॲडम्स फॅमिली' वीस हजारांहून अधिक विकले गेले. आणि १९९९ मध्ये विल्यम्सने पिनबॉलचा विभागच बंद केला. शेवटच्या दोन यंत्रांत त्यांनी पडद्यावरची चित्रे काचेतून परावर्तित करून खऱ्या खेळपटावर तरंगवली होती. गोळी मात्र तेव्हाही खरीच होती, सत्तावीस मिलिमीटर व्यासाची आणि ऐंशी ग्रॅम वजनाची.

हे ऐंशी ग्रॅमच संगणकात नसतात. १९८१ साली बिल बज यांनी ॲपलच्या संगणकासाठी 'रास्टर ब्लास्टर' लिहिले तेव्हापासून पडद्यावर पिनबॉल आहे. आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहे तो विंडोज एक्सपीतला, झेड दाबले की डावा फ्लिपर. गोव्यातल्या किती कचेऱ्यांत दुपारच्या जेवणानंतर तो चाले ते मी सांगत नाही. त्यातही यंत्र ढकलायची कळ होती, पण कळ दाबणे म्हणजे ढकलणे नव्हे.

२००० साली रँडी डेव्हिस यांनी 'व्हिज्युअल पिनबॉल' हे साधन काढले, ज्यात कोणीही आपला खेळपट रचू शकतो. त्याच्या जोडीला 'पिनमेम' आले. आता खरी गंमत बघा. पिनमेम जुन्या यंत्राच्या चिपमधला मूळ प्रोग्राम जसाच्या तसा चालवते. १९९२ च्या यंत्राचा तो मेंदू अजूनही हुकूम सोडत असतो: अमुक क्रमांकाचे सोलेनॉइड ओढा, नॉकर मारा. पलीकडे काहीही नाही हे त्याला ठाऊक नसते. वर्षानुवर्षे हे हुकूम हवेत विरत होते. मग हौशी मंडळींनी ते पकडून खऱ्या तारांवर सोडायचा मार्ग काढला, त्याचे नाव 'डायरेक्ट आउटपुट फ्रेमवर्क'. एक छोटा सर्किट बोर्ड यूएसबीने संगणकाला जोडायचा, त्याच्या प्रत्येक टोकाला एक खरी वस्तू लावायची. पाय गेलेल्या माणसाला तो पाय अजून आहे असे वाटत राहते म्हणतात. इथे त्या मेंदूला नवा पाय बसवायचा होता.

भाच्याने तारवटींच्या वाक्यानंतर पेटी पुन्हा उघडली. पहिली चूक आवाजाचीच होती: सगळे आवाज मागच्या उभ्या खोक्यातल्या स्पीकरमधून येत होते. खऱ्या यंत्रात संगीत आणि बोलणे डोक्याकडून येते, पण गोळीची घरघर आणि फ्लिपरचा ठोका पोटातून. व्हिज्युअल पिनबॉलच्या दहाव्या आवृत्तीत ही वाटणी करता येते. आठ वाहिन्यांचे साउंड कार्ड घ्यायचे, पुढच्या दोन वाहिन्या मागच्या खोक्याला, आणि चार वाहिन्या पेटीच्या आत चार कोपऱ्यांना. तिथे स्पीकर नाही, एक्सायटर लावायचा. एक्सायटर म्हणजे पडदा नसलेला स्पीकर; तो लाकडाला चिकटवला की लाकूडच पडदा होते. गोळी डावीकडून उजवीकडे गेली की थरथर एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात सरकते. संध्याकाळी दिवा मालवून मी पेटीवर नुसते हात ठेवून उभा राहिलो. गोळी वरून खाली माझ्या मनगटांकडे येताना कळली. अंगावर काटा आला, हे कबूल करतो.

पण लाकूड कितीही थरथरले तरी धक्का तो धक्का. फ्लिपरसाठी ही मंडळी विजेचा कॉन्टॅक्टर वापरतात. कुळागरातल्या पंपाच्या स्टार्टरमध्ये जो खट्कन बसतो, तोच. आत सोलेनॉइडच असते, ते तासन्तास धरून ठेवले तरी जळत नाही आणि ठोका मात्र चांगला देते. खऱ्या फ्लिपरच्या वेटोळ्याला जोराची आणि धरून ठेवायची अशा दोन वेगळ्या गुंडाळ्या असतात. ती भानगड इथे टळते. भाच्याने एका दुकानातून चोवीस व्होल्टचे चार नग आणले. अर्ध्या तासात पडवीत जळका वास. ते एसीचे निघाले, आणि याने डीसी सोडला होता. एसीच्या वेटोळ्यात प्रवाहाला मुख्य अडसर तारेचा नसून बदलत्या चुंबकत्वाचा असतो. डीसीवर तो अडसर नाहीसा होतो आणि प्रवाह मोकाट सुटतो. दुकानदार म्हणाला, चोवीस मागितले, चोवीस दिले. तेही खरेच.

दुसरा बळी सर्किट बोर्डाचा गेला. वेटोळ्याची वीज तोडली की त्यातले चुंबकत्व कोसळते आणि उलटा झटका मारते, व्होल्टेज कित्येक पटींनी. हा झटका जिरवायला प्रत्येक वेटोळ्यावर एक डायोड उलटा जोडायचा असतो. काही रुपयांची वस्तू. एका वेटोळ्यावर राहून गेली आणि कित्येक आठवड्यांचे काम बसले. मी त्याला काही बोललो नाही. बोलण्यासारखे त्याच्या आईने सगळे बोलून झाले होते.

नव्या बोर्डावर हालचाल मोजणारी एक चिप आहे. पेटीला खरोखर धक्का दिला की ती संगणकाला सांगते आणि पडद्यावरची गोळी हलते, म्हणजे हॅरी विल्यम्सचा तो करार परत आला. आला तो अडचण घेऊनच. थरथरवणारी मोटर सुरू झाली की चिपला वाटे माणूसच यंत्र हलवतो आहे, आणि यंत्र स्वतःच्याच कापण्यावर टिल्ट होई! मोटरचा वेग उतरवून आणि चिपची संवेदना कमी करून ते मिटवले. मग लक्षात आले की फ्लिपर दोनदा वाजतो, एकदा कॉन्टॅक्टरचा खरा ठोका आणि किंचित मागून एक्सायटरमधला ध्वनिमुद्रित. दोहोंपैकी एक बंद करणे भाग होते.

यावर जगभरच्या हौशी लोकांत दोन तट आहेत. एक म्हणतो एक्सायटर पुरे, त्यात खऱ्या यंत्राचे मुद्रण असते, कॉन्टॅक्टरचा खट्ट हा शेवटी कॉन्टॅक्टरचाच आवाज. दुसरा म्हणतो लोखंडावर लोखंड आपटल्याशिवाय खरे नाही. माझे मत म्हणाल तर फ्लिपर, बंपर आणि नॉकर यांना लोखंड हवे, कारण तिथे माणूस आणि यंत्र यांची टक्कर होते. गोळीच्या घरंगळण्याला लाकडाची थरथर उत्तम. तडजोड आहे, पण भाच्यानेही शेवटी तेच केले. नॉकरसाठी तर त्याने खऱ्या यंत्राचा सुटा भाग परदेशातून मागवला. तो क्षणभरच चालवायचा. वीज अडकून राहिली तर जळतो, म्हणून बोर्डावर त्याला वेळेची मर्यादा घातली आहे.

चवथीच्या आधी तारवटींना पुन्हा बोलावले. पावसाळ्याने पेटीचे प्लायवुड फुगून एक दार नीट बसत नव्हते, ते तसेच राहिले. त्यांच्यासाठी मुद्दाम जुन्या चालीचा, घंटीच्या पट्ट्यांचा खेळपट लावला. पहिली गोळी त्यांनी पडद्याकडे बघत घालवली. दुसऱ्या गोळीला मान वर केली आणि समोरच्या भिंतीकडे बघत खेळू लागले. गोळी उजवीकडून उतरत होती, जिथले त्यांना दिसतच नाही, आणि उजवे बोट वेळेवर पडत होते. प्रत्येक वेळी नाही, पण बऱ्याचदा. मध्येच तळहाताने पेटीला हलकेच एक थाप दिली, टिल्ट होणार नाही इतकीच. मी विचारले, कळते का आता? त्यांनी उत्तर दिले नाही. गोळी चालू असताना बोलायची त्यांची रीत नसावी.

तिसऱ्या गोळीवर फुकट खेळ लागला. ठाक्!

स्वयंपाकघरातून बहीण ओरडली, "दारार कोण आयला, पळय रे!" आणि कोणी हलेना म्हणून हात पुसत स्वतःच दार उघडायला गेली.